माझ्यासारखी दिसणारी ती बाई

"अहो बाई, तुम्ही आधी खा," आई म्हणाली आणि दूध-पावाची वाटी तिनं माझ्याकडे सरकवली.

मी एक घास खाल्ला. गिळला. तोंड उघडून दाखवलं. आईनं वाकून नीट पाहिलं, आणि तरी तिची शंका काही फिटली नाही.

"कडेचा खाल्लात तुम्ही. मधल्याचं काय?"

मग मी मधलाही खाल्ला. साडेआठ वाजले होते, नऊला मला ड्यूटीवर हजर व्हायचं होतं, आणि आईच्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही गेलेलं नव्हतं. टेबलावर तीन गोळ्या तशाच पडलेल्या. त्यातली पांढरी रक्त पातळ करण्याची. ती चुकली तर मेंदूत पुन्हा गुठळी अडकू शकते, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"आई, मी आहे गं. तुझी मोठी."

"दिसता खऱ्या तिच्यासारख्या," आई मान तिरकी करून म्हणाली. "नाक, डोळे, कमरेवर हात ठेवून उभं राहायची ढबसुद्धा. कुणी शिकवलं तुम्हाला? पण मी काय माझ्या मुलीला ओळखणार नाही होय?"

कपाळ माझं! मी वाटी उचलली, गोळ्या पुन्हा डबीत टाकल्या आणि दहाला येणाऱ्या कामाच्या मावशींसाठी चिठ्ठी लिहिली : "सकाळचं काही घेतलं नाही. तुम्ही द्या." कारण मावशींच्या हातचं आई खायची. मावशींना ती ओळखायची. समोरच्या शेजारणीला ओळखायची, तिच्या सुनेला ओळखायची, दूधवाल्याची तर ती चौकशीही करायची. अख्ख्या जगात खोटी अशी एकटी मीच.

मी एका मोठ्या इस्पितळात ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, काढते. सव्वीस वर्षं हेच काम. माणूस खुर्चीत बसला की नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, लाल पेन्सिलीनं खुणा करायच्या, केस बाजूला सारून त्वचा घासायची, पेस्ट लावून एकेक तार चिकटवायची. मग "डोळे मिटा, डोळे उघडा, दीर्घ श्वास घ्या." पडद्यावर रेघा धावायला लागतात. त्या वाचायचं काम डॉक्टरांचं, पण इतक्या वर्षांत मलाही कळतं की कुठली रेघ सुस्तावली आहे. तीन महिन्यांपूर्वी आई न्हाणीघरात पडली, मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला होता, आणि बाराव्या दिवशी तिच्या डोक्याला तारा मीच लावल्या. दुसऱ्या कुणाला लावू दिल्या नाहीत. उजव्या कानशिलावरच्या रेघा संथ चालल्या होत्या. मी त्याच बघत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "बाई, तुमचे हात फार गार आहेत हो."

मला वाटलं, गंमत करतेय. तिची गंमत करण्याची रीत तशीच होती, चेहरा कोरा ठेवून. मी हसलेसुद्धा.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर मला समजावून सांगितलं. त्यांची एक सवय आहे, समोरच्याच्या डोक्यावर बोट ठेवून सांगतात. "डोळ्यांनी पाहिलेलं सगळं आधी इथं मागे जातं. तिथून ते पुढे या कानशिलाखालच्या भागात येतं. हा चेहरा कुणाचा, ते इथं ठरतं. आईंचा हा भाग शाबूत आहे, म्हणून तर तुमचे नाक-डोळे त्यांना बरोबर ओळखू येतात. पण इथून आणखी एक वाट आत जाते, बदामाएवढ्या एका गाठीकडे. आपलं माणूस दिसलं की आत जी ऊब वाटते ना, ती तिथून येते. ही मधली वाट तुटलेली असावी. चेहरा तोच, पण ऊब नाही. मग मेंदू म्हणतो, ही ती नव्हेच. आणि असल्या वेड्या निष्कर्षाला अडवणारा जो पुढचा भाग असतो, त्यालाही थोडा मार लागलाय."

"आणि कान?" मी विचारलं.

"कानाची वाट वेगळी. ती बहुधा धड आहे. अर्थात हे सगळं आपले अंदाज. पण हा प्रकार होतो तो जवळच्या माणसाच्याच बाबतीत."

कानाची वाट धड आहे, हे मला पटवायला रोज संध्याकाळी सात वाजता चिमणीचा फोन यायचा.

चिमणी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय सत्तेचाळीस, वजन सांगत नाही, पण आईसाठी अजून चिमणीच. गाडीनं पाच तासांवरच्या गावात तिचा संसार. दिवसाकाठी दहा मिनिटं फोन करायची, आणि ती दहा मिनिटं आई कशी खुलायची! "चिमणे, जेवलीस का गं? चिमणे, खोकला गेला का?" मी स्वयंपाकघरात भांडी आपटत असायची. सकाळपासून गू-मूत, औषध, आंघोळ सगळं मी करायचं, वर "अहो बाई, माझ्या कपाटाला हात लावू नका" हे ऐकायचं, आणि ओळख मात्र दहा मिनिटंवालीला. जळफळाट व्हायचा माझा. मी काही संत नाही.

आणि हे आजचं नाही. चिमणी सात वर्षांची होईपर्यंत आईच्या मांडीवर बसायची. मी चार वर्षांनी मोठी, मी शहाणी होते. शहाण्या मुलीला कुणी मांडीवर घेत नाही. तिला म्हणतात, "बायो, जरा गॅस बंद कर. बायो, चिमणीची वेणी घाल." चिमणीचं लग्न झालं तेव्हा आई दोन दिवस रडली. माझं जमता जमता राहिलं, मग बाबा गेले, मग राहूनच गेलं, त्याबद्दल कुणी रडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पण "बायो" ही हाक घरात दिवसातून पन्नास वेळा यायची. कधी कधी मी वैतागून ओ देत नसे. आता तीन महिन्यांत एकदाही ऐकली नव्हती.

त्या दिवशी दुपारी पेशंट उशिरा येणार होता. आईनं सकाळचं खाल्लं का ते मावशींना विचारावं म्हणून मी घरी फोन लावला. मावशी कपडे वाळत घालत असणार, फोन आईनंच उचलला.

"हॅलो, मावशी—"

"बायो!" आई ओरडली. "बायो, अगं कुठं आहेस तू?"

माझ्या हातातल्या तारा खाली पडल्या.

"इथंच आहे आई. कामावर."

"किती दिवस गं कामावर? मेले मी वाट बघून! घरात एक बाई आणून ठेवलीय कुणीतरी. हुबेहूब तू. तुझे कपडे घालते, तुझ्या पलंगावर झोपते. मी कुणाला बोलले नाही, म्हटलं बायो आली की सांगू." मग आवाज बारीक करून म्हणाली, "तू बरी आहेस ना? खातेस ना वेळेवर? तुला पित्त होतं उपाशी राहिलं की."

पंचावन्नाव्या वर्षी नव्हे, एक्कावन्नाव्या वर्षी — वय वाढवून सांगायची मला सवय लागलीय — मी त्या खुर्चीत बसून ढसाढसा रडले, ज्या खुर्चीत पेशंटनं हलायचंसुद्धा नसतं. मग "आज येतेच, आई" म्हणून फोन ठेवला, लवकर सुटी घेतली, जिने धावत चढले, दोन मजले, धापा टाकत बेल वाजवली. माझा आवाज आईनं ओळखला होता! आता ओळखेल!

आईनं दार उघडलं. तिचा चेहरा आधी फुलला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघता बघता मिटला.

"तुम्ही होय," ती म्हणाली. "बरं झालं आलात. आज माझी मुलगी येणार आहे. तुम्ही आता आवरा तुमचं."

रात्री आठपर्यंत ती दाराकडे तोंड करून बसली होती. मी बाजूला बसून बोलले, तोच आवाज, तेच शब्द. पण चेहरा समोर असला की आवाजाचं काही चालत नव्हतं. "आवाजही घेतलाय तिचा," एवढंच म्हणाली. इतकी वर्षं मी चिमणीवर जळले होते. आता त्या फोनवरच्या बायोवर जळायला लागले. आई जिची वाट बघते ती ती, आणि आईची पाठ चोळते ती मी.

मग मी फोनचा उपयोग करून पाहिला. सकाळी जिन्याच्या वळणावर जाऊन घरी फोन लावायचा. "आई, मी बायो. ती बाई चांगली आहे हो, तिच्या हातच्या गोळ्या घे." दोन दिवस जमलं. मी वर येऊन गोळी द्यायची, आई मुकाट घ्यायची. तिसऱ्या दिवशी फोनवर आईचा आवाज कापायला लागला. "बायो, तू तिच्या बाजूनं का बोलतेस? ती शेजारी उभी आहे का तुझ्या? धमकावते का तुला?" शेजारीण भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. घरात आई आणि जिन्यात मी, दोघी फोनवर. ती माझ्याकडे अशी पाहून गेली, जणू तारा मलाच लावायला हव्यात.

त्यानंतर आईनं माझ्या हातचं पाणीही बंद केलं. महिन्यात सहा किलो वजन उतरलं.

"ताई, रागावू नकोस," चिमणी फोनवर म्हणाली, "पण मी आईला इकडे घेऊन येते. ती मला ओळखते गं. तुला घाबरते. जीव जाईल तिचा अशानं."

ती मला ओळखते! हे वाक्य माझ्या डोक्यात गेलं. आईला नेणार म्हणजे काय? कपाटातली वस्तू आहे? आणि मला एक गोष्ट ठाऊक होती, जी चिमणीला ठाऊक नव्हती. आई चिमणीचा आवाज ओळखत होती. पडल्यापासून तिनं चिमणीचा चेहरा पाहिलाच नव्हता. चिमणी इस्पितळात आली तेव्हा आई शुद्धीवर नव्हती. आणि हा प्रकार जवळच्याच माणसाच्या बाबतीत होतो, हे डॉक्टरीणबाईंचे शब्द. मग माझ्यापेक्षा जवळची ती नव्हती का? मांडीवरची! माझं जर असं झालं, तर तिचं शंभरपट व्हायला हवं.

"रविवारी ये," मी गोड आवाजात म्हणाले. "पण आईला आधी कळवू नकोस. दारात उभी राहा, काही बोलू नकोस. तिला आपोआप ओळखू दे. फार आनंद होईल."

मी फोन ठेवला, पण शब्द मागे घेतले नाहीत. चिमणीला दारात "अहो बाई" म्हणून ऐकावं लागेल, तिचं तोंड उतरेल, ते मला या डोळ्यांनी बघायचं होतं. एकदा तरी.

रविवारी अकरा वाजता बेल वाजली. मी मुद्दाम आईलाच दार उघडायला पाठवलं आणि तिच्या मागे उभी राहिले. दारात चिमणी. हातात बॅग, तोंड मिटलेलं, सांगितल्याप्रमाणे. आई बघत राहिली. एक क्षण, दोन क्षण.

"चिमणे!" आई म्हणाली. "किती वाळलीस गं! प्रवासात काही खाल्लंस की नाही?"

आणि तिनं चिमणीचा हात धरून तिला आत ओढलं, माझ्या अंगावरून, जसं काही मी दाराची चौकट आहे.

दिवसभर आई तिच्या हातचं जेवली. भात, सूप, तिन्ही गोळ्या. अधूनमधून माझ्याकडे डोळ्यांनी खूण करून चिमणीला कुजबुजत होती, "हिला विचार, बायोला कुठं ठेवलंय." चिमणी माझ्याकडे बघायची. तिच्या डोळ्यांत कीव होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सोमवारी आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आईजवळ मावशी होत्या. मी खुर्चीत टेकायच्या आधीच भांडायला सुरुवात केली.

"तुम्ही म्हणालात वाट तुटलीय. मग हिच्यासाठी कशी जोडली गेली? हिचा चेहरा काय वेगळ्या रस्त्यानं जातो?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नाही. तुटली ती सगळ्यांसाठीच तुटलीय. ऊब कुणाचीच येत नाही."

"मग?"

"मग असं, की शेजारणीला पाहून त्यांना तशीही फार ऊब वाटत नव्हती. त्यामुळे ती आली नाही तरी मेंदूला काही चुकल्यासारखं वाटत नाही. पोस्टमन दारात आला आणि आत काही हललं नाही, तर आपण त्याला खोटा पोस्टमन म्हणतो का? चेहरा जुळला, विषय संपला. गडबड होते ती जिथं ऊब यायलाच हवी तिथं. ज्या चेहऱ्याची सगळ्यात जास्त सवय, सगळ्यात जास्त माया, तो दिसतो आणि आत काहीच होत नाही. ते मेंदूला सहन होत नाही." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांनी नाकारलं ते फक्त तुम्हाला. हे नाकारणं नाही हो. हिशेब लावा."

मी हिशेब लावला. मला वेळ लागला. चिमणीला लागला नाही.

बाहेर लांब बोळात, व्हीलचेअरींच्या रांगेशी ती थांबली.

"पोस्टमन," ती म्हणाली.

"अगं, त्यांनी उदाहरण दिलं."

"मी वर्षातून दोनदा येते, ताई. सुटीत चार दिवस, दिवाणखान्यात बसून चहा पिते आणि जाते. पोस्टमनच की." ती हसायला गेली, पण ओठ वाकडे झाले. "लहानपणी मला काय वाटायचं सांगू? आई मला मांडीवर घ्यायची आणि बोलायची मात्र तुझ्याशी. सगळं तुझ्याशी. मला वाटायचं, मी कधी एवढी मोठी होणार."

तिच्या तोंडावर तेच होतं जे मी आरशात चाळीस वर्षं बघत आले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अगदी पायाच्या बोटांपर्यंत बरं वाटलं. मग ते पुरतं उतरायच्या आत मला आईचं कोपराजवळचं हाड आठवलं, आंघोळीच्या वेळी हाताला लागायचं ते.

"मी तुला दारात बोलू नको म्हटलं, ते मुद्दाम," मी म्हणाले. "तुला ओळखू नये म्हणून."

"कळलं मला ते. कालच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं तोंड बघून नाही बोलले."

एक वॉर्डबॉय "बाजूला व्हा" म्हणाला, तेव्हा आम्ही दोघी भिंतीशी सरकलो.

"घेऊन जा तिला," मी म्हणाले. "तुझ्या हातचं खाते ती."

"ताई, पण आता—"

"आता काय? तिला पोस्टमनच हवाय सध्या. घेऊन जा."

बुधवारी सकाळी सामान बांधलं. आईला दोन उशा लागतात, पातळ वर आणि जाड खाली. कान पुसताना डावा आधी. पांढरी गोळी जेवणानंतर, पिवळी जेवणाआधी. रागावली की जेवण पुढ्यात ठेवून निघून जायचं, उभं राहायचं नाही. चिमणी लिहून घेत होती, आणि प्रत्येक ओळीला तिचा पेन थोडा जास्त दाबला जात होता. मध्येच म्हणाली, "कान डावा आधी, हे मला माहीतच नव्हतं."

गाडी खाली येऊन उभी राहिली. चिमणी आणि मावशींनी आईला धरून जिना उतरवला. मी मागून बॅगा नेल्या. आई गाडीत बसली आणि एकदम चिमणीचा हात झटकला.

"मी नाही यायची. बायो आल्यावर घर बंद बघेल, तर कुठं जाईल ती? बायो आल्याशिवाय मी हलणार नाही."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. चिमणी माझ्याकडे बघायला लागली. मी बॅगा ठेवल्या आणि जिना चढून वर आले. घरात शिरले, खिडकीपाशी उभी राहिले आणि चिमणीच्या मोबाइलवर फोन लावला. तिनं तो आईच्या कानाला लावला.

"आई, मी बायो."

"आलीस का? कुठपर्यंत आलीस?"

"मला अजून थोडं काम आहे गं. तू चिमणीबरोबर जा. मी रोज फोन करीन."

"रोज?"

"रोज. सात वाजता."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. मग जरा थांबून, "बायो, आणि त्या बाईचं काय?"

"तिचं काय?"

"मी तिला फार टोचून बोलले गं. खाल्लं नाही तिच्या हातचं. पण माझं सगळं तिनंच केलं बघ, न्हाऊ घालण्यापासून. कोण कुठली, कुणाची मुलगी आहे कुणास ठाऊक. तू आलीस की तिला दुखवू नकोस. जायला कुठं नसेल तर राहू दे तिला घरात."

"बरं."

गाडीच्या काचेतून आईनं वर पाहिलं. फोन कानाला तसाच.

"ती बघ, खिडकीत उभी आहे," आई माझ्या कानात म्हणाली. "रडते आहे बहुतेक बिचारी."

"रडू दे आई. तू नीट जा."

आईनं माझ्याकडे बघून हात वर केला, सज्जन परक्या माणसाला करावा तसा, अर्धाच. मीही केला. मग चिमणीनं तिच्या खांद्यावर शाल ओढली, काच वर झाली, आणि गाडी निघाली. फोन चालूच होता. आई मला रस्त्यात काय काय दिसतंय ते सांगत होती.